चौदा फुटांचे बिऱ्हाड आणि त्याचे सांधे

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांच्या सुट्या भागांची तपासणी करण्यात माझी २६ वर्षे गेली. त्यामुळे नवी वस्तू दारात आली की तिच्या समोर उभे राहून कौतुक करण्याआधी मी तिच्या पोटाखाली डोकावून पाहतो. यंदाच्या मार्चमध्ये थोरल्या बंधूंनी आणि मी मिळून एक नवी कॅरॅव्हॅन घेतली, तेव्हाही छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या घरासमोर सगळी गल्ली गाद्या आणि दिवे पाहत होती आणि मी सतरंजी अंथरून तिच्या खाली आडवा झालो होतो. त्यानंतर पैठण, नळदुर्ग आणि औंढा नागनाथवरून माहूर अशा तीन सहलींत तिच्यासह सुमारे १,९०० किलोमीटर अंतर कापले असून त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. काही तक्रारींबाबत बनवणाऱ्या कंपनीशी अजून पत्रव्यवहार चालू असल्यामुळे तिचे नाव देत नाही.

आपल्याकडे कॅरॅव्हॅन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बसगाडीसारखी, स्वतःचे इंजिन असलेली मोटर कॅरॅव्हॅन येते. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून हा शब्द बराच रुळला. आमची कॅरॅव्हॅन मात्र दुसऱ्या जातीची आहे. तिला इंजिन नाही. मोटारीच्या मागे जोडून ती ओढून न्यायची, मुक्कामी सोडायची आणि मोटार घेऊन गावात फिरायला मोकळे व्हायचे. तिची स्वतंत्र नोंदणी होते आणि ती चालू असताना आत कोणीही बसायचे नसते. पेटीची लांबी १४ फूट, रुंदी पावणेसात फूट, एक ॲक्सल, दोन चाके आणि चार माणसांची झोपण्याची सोय, असे तिचे स्वरूप आहे.

आधी पोटाखालचे सांगतो, कारण या वाहनाचा सर्वांत प्रामाणिक भाग तोच आहे. चेसीवर गरम जस्ताचा मुलामा आहे आणि तो वेल्डिंगनंतर दिलेला आहे, हे जोडांवरून हात फिरवताच कळते. आधी मुलामा देऊन मग वेल्डिंग केले, की जोडाभोवतीचे जस्त जळून जाते, तिथे चंदेरी रंग फासून वेळ मारून नेली जाते आणि दोन पावसाळ्यांत तांबूस ओघळ दिसू लागतात. येथे तसे काहीही आढळले नाही. आडव्या पट्ट्या बोल्टने बसवल्या आहेत आणि त्यांची भोकेही मुलाम्याच्या आधीच पाडलेली आहेत, हे मला विशेष वाटले, कारण इतकी काळजी गिऱ्हाईक पाहत नाही अशा जागी घेतलेली आहे. ॲक्सल रबरी टॉर्शनचा, म्हणजे आतल्या रबराच्या पिळावर धक्के झेलणारा आहे. पाट्यांच्या स्प्रिंगपेक्षा तो वजनाने हलका पडतो आणि त्याला वंगण घालावे लागत नाही. टायरांचा भारनिर्देशांक १०६ आहे, म्हणजे एका टायरची क्षमता ९५० किलो. एकूण मंजूर वजन १,४०० किलो असताना एवढी मोकळीक पुरेशी आहे.

आता वजनाची गोष्ट. कंपनीच्या कागदावर रिकाम्या कॅरॅव्हॅनचे वजन १,०८० किलो दिलेले आहे. मी ती सरळ मोंढ्यातल्या वजनकाट्यावर नेली, मोटार सोडवून बाजूला घेतली आणि पावती फाडून घेतली, तर आकडा १,१६० किलो निघाला. चौकशी केल्यावर असे समजले की छतावरचे वातानुकूलन यंत्र, बाजूची गुंडाळती कनात आणि बॅटरी हे ‘जादा साहित्य’ असल्यामुळे ते कागदावरच्या वजनात धरलेले नाही. विकताना मात्र ही तिन्ही आमच्या गळ्यात त्याच किमतीत घातली होती. परिणाम असा, की सामानासाठी कागदावर ३२० किलो दिसतात आणि हाती २४० किलो येतात. त्यातून पाण्याचे ८० किलो आणि गॅसचे सिलिंडर वजा केले, की चार माणसांच्या अंथरूण-पांघरुणासाठी, भांड्यांसाठी, धान्यासाठी आणि कपड्यांसाठी जेमतेम १५० किलो उरतात. हिशेब तुटपुंजा आहे, पण तो आधी सांगितला असता तर आमची हरकत नव्हती.

त्याहून गंभीर चूक पाण्याच्या टाकीच्या जागेत आहे. ओढायच्या वाहनाच्या पुढच्या टोकाने मोटारीच्या बॉलवर, म्हणजे मागच्या जोडणीच्या लोखंडी गोळ्यावर, ठराविक भार टाकावा लागतो. एकूण वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के भार योग्य समजला जातो. तो कमी पडला की कॅरॅव्हॅनचे शेपूट डोलू लागते. पुढच्या टेकूचाकाखाली फळी आणि माणसांचा वजनकाटा ठेवून हा भार घरच्या घरी मोजता येतो. टाकी रिकामी असताना काटा ७० किलो दाखवत होता आणि टाकी भरल्यावर ४८ वर आला, कारण टाकी ॲक्सलच्या मागे जवळपास मीटरभर अंतरावर बसवली आहे. पाचोडच्या पुढे ताशी ७५ किलोमीटरचा वेग असताना एक मालट्रक शेजारून पुढे गेला आणि आमच्या मागे जे हेलकावे सुरू झाले, त्यांनी स्टिअरिंग धरलेल्या बंधूंच्या तळहाताला घाम फुटला. त्यांनी ब्रेक न दाबता केवळ पाय उचलला, हे शहाणपणाचे झाले. पुढच्या ढाब्यावर टाकी अर्धी रिकामी केली, तांदळाचे पोते आणि भांड्यांची पेटी ॲक्सलच्या पुढे सरकवली आणि त्यानंतर तसा प्रकार घडला नाही. टाकी ॲक्सलच्या बरोबर वर ठेवण्यासाठी खाली जागा होती. तेथून सांडपाण्याचा नळ सरळ नेण्याची सोय पाहिली गेली, एवढेच.

ब्रेक रेट्यावर चालणारे आहेत. मोटारीचा वेग कमी झाला की मागचा भार पुढे रेटतो, कपलिंगचा दांडा आत सरकतो आणि त्याच दाबाने कॅरॅव्हॅनचे ब्रेक लागतात. सपाट रस्त्यावर ही रचना उत्तम चालते. लांब उतारावर मात्र रेटा अखंड राहतो आणि ब्रेक तापतात. परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याचा घाट उतरून खाली थांबलो आणि दोन्ही चाकांच्या तुंब्यांजवळ हात नेला, तर डाव्या बाजूची धग सोसत नव्हती आणि उजवी बाजू जेमतेम कोमट होती. याचा अर्थ कारखान्यातून निघताना दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लावून पाहिलेले नव्हते. बीडमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका कारागिराने अर्ध्या तासात ते जुळवून दिले. ज्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी आपला संसार ट्रॉलीत भरून सहा-सहा महिने बाहेर काढतात, तेथल्या कारागिराला चाकावरच्या घराचे अप्रूप असण्याचे कारण नव्हते. त्याने चेसीवर हातोडीचे दोन ठोके दिले, आत जाऊन कपाटांची दारे हलवून पाहिली आणि म्हणाला, “खालची चेसी झकास हाय सायब, पर वरलं बिऱ्हाड ढिलं हाय.” माझ्या १,९०० किलोमीटरांचा निष्कर्ष त्याने दहा मिनिटांत काढला होता.

बिऱ्हाडाकडे वळण्यापूर्वी भिंतींविषयी सांगितले पाहिजे, कारण त्या चांगल्या आहेत. आतून-बाहेरून फायबरचा पत्रा आणि मध्ये घट्ट फोम, अशा ३० मिलिमीटर जाडीच्या एकसंध भिंती आहेत. मडके घेताना टिचकी मारून आवाज ऐकतात, तसा मी अख्ख्या पेटीवर बोटाच्या पेराने ठोकत फिरलो. पत्रा फोमपासून सुटलेला असेल तर तेथे आवाज पोकळ येतो. असा आवाज मला फक्त एकाच ठिकाणी, मागच्या डाव्या दिव्याच्या वर, तळहाताएवढ्या जागेत आला. खिडक्यांच्या चौकटींभोवती लाकडाऐवजी न कुजणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या भरलेल्या आहेत, हेही योग्यच झाले. छत एकाच साच्यातून काढलेले असल्यामुळे त्याला जोड नाही.

दार मात्र उजव्या बाजूला आहे. हे वाक्य वाचून जो वाचक चमकला नसेल, त्याने आपली मोटार रस्त्याच्या डाव्या कडेला उभी केल्याची कल्पना करावी: कॅरॅव्हॅनचे दार उघडले की माणूस थेट रहदारीत उतरतो. युरोपात वाहने उजवीकडून चालतात, म्हणून तेथल्या कॅरॅव्हॅनचे दार उजवीकडे असते. इंग्लंडमध्ये आपल्यासारखी डावीकडून वाहतूक असल्यामुळे तेथे ते डावीकडे असते. आमच्या कंपनीने युरोपातला नकाशा जसाच्या तसा उचलला, हे यावरून उघड होते. पैठणच्या वाटेवर चहासाठी थांबलो असता सौभाग्यवतींनी दार उघडले आणि एक दुचाकीस्वार दाराच्या काठाला घासून गेला. त्या दिवसापासून आमचा नियम असा आहे, की रस्त्याच्या कडेला थांबल्यावर एकाने मागे उभे राहून रहदारी पाहिल्याशिवाय कोणी उतरायचे नाही. कनातही अर्थातच त्याच बाजूला उघडते, त्यामुळे कडेला झाड असले तरी सावलीची बाजू आणि दाराची बाजू कधी जुळत नाही. नकाशा आरशात धरल्यासारखा उलटा करून घेतला असता तर हे सगळे टळले असते. ही चूक पुढे कोणत्याही दुरुस्तीने निघणार नाही, म्हणून मी तिला पहिल्या क्रमांकाची मानतो.

आतली मांडणी पाहताना डोळ्यांना सुखावते. समोर अर्धगोल बैठक, तिचाच रात्री पलंग होतो. मागे दोघांसाठी कायमचा पलंग, मध्ये स्वयंपाकाचा ओटा आणि त्याच्या समोर न्हाणी. फिक्या बदामी रंगाच्या गाद्या, छताखाली लपवलेले दिवे आणि शिसवी छटेची कपाटे दुकानात फारच शोभून दिसत होती. गेवराईजवळ चहासाठी थांबून दार उघडले, तेव्हा हे शोभून दिसणे कोठवर टिकते ते समजले. ओट्यावरचे कपाट गतिरोधकावरच्या एका धक्क्याने उघडले होते, मिसळणाचा डबा खाली येऊन आदळला होता, आणि बदामी गादीवर हळदीचा एक लांब पट्टा उमटला होता, त्याच्या कडेला मोहरी सांडलेली. हळद नंतर धुऊनही पूर्ण गेली नाही. कपाटांना लावलेली दाबून उघडायची बटणे प्लास्टिकची असून त्यांची जीभ जेमतेम ५ मिलिमीटर आत जाते. दार थोडे जरी लोंबले तरी ती सुटते. आणि दार लोंबतेच, कारण बिजागऱ्यांचे स्क्रू हलक्या प्लायच्या कडेत, थरांच्या मधोमध पिळलेले आहेत. स्थिर घरातल्या कपाटाला ते चालून जाते. चालत्या वाहनात दर किलोमीटरला शेकडो हिसके बसतात आणि प्लायचे थर फाकून स्क्रू मोकळा होतो. ९०० किलोमीटरनंतर १४ पैकी ५ दारांचे स्क्रू हाताने फिरत होते. मी सगळीकडे आरपार बोल्ट आणि साध्या स्टीलच्या कड्या लावून घेतल्या. ट्रॉलीच्या फाळक्याला असते तशी कडी शिसवी कपाटावर शोभत नाही हे मान्य आहे, पण त्यानंतर एकही डबा खाली आलेला नाही.

मेच्या उन्हात दुपारी ३ वाजता, बाहेर ४२ अंश असताना, बंद कॅरॅव्हॅनच्या आत ४६ अंश तापमान मोजले. भिंतींना हात लावला तर त्या गरम नव्हत्या. उष्णता येत होती ती खिडक्यांच्या ॲक्रिलिक तावदानांतून आणि छताच्या तीन झरोक्यांतून. युरोपातल्या थंड प्रदेशात ऊन आत घेण्यासाठी एवढे मोठे झरोके ठेवणे समजू शकते. मराठवाड्यात ते डोक्यावर तवा ठेवल्यासारखे होते. चांदीच्या मुलाम्याचे कापड कापून झरोक्यांना बाहेरून बांधल्यावर आतले तापमान तीन अंशांनी उतरले. वातानुकूलन यंत्र चालू केल्यावर ५० मिनिटांत २९ अंशांपर्यंत येते, त्याबद्दल तक्रार नाही. ते बॅटरीवर ‘रात्रभर’ चालते असे मात्र आम्हाला दुकानात सांगण्यात आले होते. बॅटरी १२.८ व्होल्ट आणि २०० अँपिअर-तासांची, म्हणजे पूर्ण भरली तरी अडीच युनिटांची आहे. यंत्र तासाला एक युनिटाहून अधिक खाते. ज्याला पाढे येतात त्याने ‘रात्रभर’ याचा अर्थ दोन तास असा घ्यावा. छतावरच्या ३३० वॅटच्या सौर पट्टीतून फ्रीज, पंखे आणि दिवे निर्धास्त चालतात, तेवढ्यावर समाधान मानावे आणि यंत्रासाठी मुक्कामी वीजजोडणी शोधावी. ती शोधताना व्होल्टेज आणि अर्थिंग आधी तपासावे. एका नातेवाइकांच्या आखाड्यावर जोडणी घेतली तेव्हा दाराच्या पायरीला हात लावताच झिणझिण्या आल्या. दोष त्यांच्या तुटलेल्या अर्थिंगचा होता, पण कंपनीच्या माहितीपुस्तकात याविषयी एक ओळही नाही.

न्हाणीतल्या संडासाची पेटी १८ लिटरची आहे आणि ती बाहेरच्या झडपेतून ओढून काढता येते. पेटीचे माप कागद वापरणाऱ्या लोकांच्या हिशेबाने ठरलेले असल्यामुळे पाणी वापरणाऱ्या आपल्या चार माणसांना ती एक दिवसही धड पुरत नाही. स्वच्छ पाण्याची टाकी ८० लिटरची आणि सांडपाण्याची ३५ लिटरची, ही जोडीही मला कळलेली नाही. उरलेले पाणी कोठे जावे असे आरेखकाला वाटत होते? आम्ही बादली लावून ते झाडांना घालतो. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ८० लिटरांत दोन दिवस काढण्यासाठी वेगळे शिकवावे लागत नाही. थोरल्या वहिनी लातूरच्याच असल्यामुळे नळाखाली तांब्या ठेवल्याशिवाय त्यांनी एकदाही हात धुतले नाहीत.

धुळीचा प्रश्न मात्र साध्या युक्तीने सुटण्यासारखा नाही. औंढ्याकडे जाताना रस्त्याचे काम चालू असलेल्या टप्प्यात काळ्या मातीचा फुफाटा उडत होता. मुक्कामी पोहोचलो तेव्हा ओट्यावर, गाद्यांवर, बंद कपाटातल्या ताटांवरसुद्धा बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसली होती. वाहन पळत असताना पेटीच्या आतला दाब कमी होतो आणि मिळेल त्या फटीतून ती हवा ओढून घेते. येथे वाट होती ओट्याखाली जमिनीत ठेवलेली जाळीदार भोके. बंधूंनी ती चिकटपट्टीने बुजवायला घेतली तेव्हा मी त्यांना थांबवले, कारण ती भोके गॅससाठी आहेत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीवर साचतो आणि त्या भोकांतूनच बाहेर पडू शकतो. ती बुजवणे म्हणजे धुळीच्या रागापायी जिवाशी खेळणे होय. ऑस्ट्रेलियात कच्च्या रस्त्यांवर जाणाऱ्या कॅरॅव्हॅनच्या छतावर पुढच्या तोंडाचा, गाळणी लावलेला झरोका बसवतात. त्यातून आत शिरणारी हवा दाब वाढवते आणि धूळ बाहेरच राहते. आपल्या रस्त्यांसाठी कॅरॅव्हॅन बनवणाऱ्याने युरोपाऐवजी तिकडे पाहायला हवे होते. गॅसची बाकी व्यवस्था निर्दोष आहे: सिलिंडर पुढच्या स्वतंत्र पेटीत, तिचे दार केवळ बाहेरून, आणि तळाला हवा जाण्याची वाट.

मेच्या शेवटच्या आठवड्यात नळदुर्गला मुक्काम असताना रात्री वळीव आला आणि दीड तास झोडपत राहिला. मध्यरात्री माझ्या उशाशी थेंब पडला. खिडकीवर संशय घेऊन मी तिच्या कडेने कोरडे कापड फिरवले, तर ती कोरडी होती. सकाळी ऊन पडल्यावर आतल्या कोपऱ्यात अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि बंधूंनी बाहेरून छतावर तांब्याने पाणी ओतले. पांढऱ्या पावडरीत एक करडी रेघ उमटत खाली आली आणि तिचा उगम कनातीच्या पट्टीच्या तिसऱ्या स्क्रूपाशी निघाला. पट्टी भिंतीवर बसवताना खाली ब्युटाइलची मऊ चिकट पट्टी घालायला हवी होती, कारण ती कायम मऊ राहते आणि स्क्रूच्या आट्यांभोवती दाबली जाते. येथे वरून सिलिकॉनची रेघ ओढून भागवले होते, आणि दोन महिन्यांच्या उन्हात ती रेघ फायबरपासून सुटली होती. मागचा दिवा काढून पाहिला, तर टिचकीला पोकळ आवाज आलेल्या त्याच जागी आत लाकडाचा एक ठोकळा होता आणि तो ओला लागला. चारही बाजूंनी न कुजणाऱ्या पट्ट्या घातल्या असताना नेमक्या दिव्यामागे लाकूड का घातले, हे कोडे आहे. सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव पाडणाऱ्या मुलखात आम्ही राहतो. एवढ्या किमतीच्या वस्तूचा ओलावा कारखान्यात कोणीही तपासलेला नसावा.

त्या दुपारी आम्ही किल्ल्यातला पाणीमहाल पाहिला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेल्या धरणाच्या भिंतीच्या पोटात हा महाल आहे आणि पावसाळ्यात नर-मादीचे धबधबे त्याच्या अंगावरून कोसळत असतात. आतल्या सज्जात बसलेल्या माणसाच्या अंगावर पाणी येऊ नये, याची काळजी ज्या कारागिरांनी घेतली त्यांच्याजवळ ना सिलिकॉन होते ना ब्युटाइल. बंधू काही बोलले नाहीत. त्यांनी केवळ दगडाच्या सांध्यावरून बोट फिरवले आणि माझ्याकडे पाहिले.

तक्रारींचे पत्र मी छायाचित्रांसह कंपनीला पाठवले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा माणूस येऊन गेला. त्याने कनातीची पट्टी उखडून ब्युटाइलवर पुन्हा बसवली, दिव्यामागचा ठोकळा बदलला आणि सुटलेल्या पत्र्यामागे सुईने डिंक भरला. हमीच्या काळातले काम म्हणून त्याचे पैसे घेतले नाहीत. कपाटांच्या कड्यांचा खर्च देण्यास त्यांनी नकार दिला, उलट मी मूळ बटणे काढल्यामुळे फर्निचरवरची हमी संपली असे लेखी कळवले आहे. पाण्याची टाकी पुढे सरकवण्याचा अंदाज मागितला आहे, तो अद्याप आलेला नाही. मृगाचे दोन मोठे पाऊस होऊन गेले. पावडर पुन्हा टाकून पाहिली, कोपरा कोरडा आहे. दाराविषयी विचारले तेव्हा तो माणूस म्हणाला की पुढच्या वर्षीच्या नमुन्यात ते डावीकडे घेणार आहेत, आणि आमच्या गाडीतून उतरताना त्याने आधी मान बाहेर काढून दोन्हीकडे पाहिले.